दुसरा शनिवार आणि उघडे राहिलेले दार: एका सहकारी बँकेवरील सायबर दरोड्याचा प्रकरण अभ्यास

प्रकरण थोडक्यात

११ ऑगस्ट २०१८. महिन्यातला दुसरा शनिवार, म्हणून बँका बंद. त्यातच आषाढ अमावास्या, म्हणजे महाराष्ट्रात गटारी. त्या दुपारी पुण्यात मुख्यालय असलेल्या एका जुन्या नागरी सहकारी बँकेच्या कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२,००० वेळा पैसे काढले गेले. रक्कम ७८ कोटी रुपये. त्याच सुमारास देशातल्या एटीएममधून २,८४९ व्यवहारांत आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, सकाळी साडेअकराच्या सुमारास स्विफ्ट या बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधल्या एका व्यापारी कंपनीच्या खात्यावर रवाना झाले. एकूण नुकसान ९४ कोटी ४२ लाख.

बँकेचे, कंपनीचे आणि आरोपींचे नाव येथे घेतलेले नाही. सहकारी बँकिंगमधल्या वाचकाला ते ओळखू येईलच. पाहायचे आहे ते हे की असा हल्ला झाल्यावर पोलीस, नियामक आणि परदेशी सरकारे काय करू शकली आणि कुठे हात टेकले. या प्रकरणात ज्याला चेहरा, प्लास्टिक किंवा खाते क्रमांक होता ते यंत्रणेच्या हाती लागले. बाकीचे सात-आठ वर्षांनंतरही बाहेरच आहे.

पार्श्वभूमी: मशीन ‘हो’ कसे म्हणते

कॅनडातल्या एखाद्या एटीएममध्ये पुण्याच्या बँकेचे कार्ड घातले की त्या मशीनमालकाची बँक कार्ड कंपनीच्या जाळ्याकडे विनंती पाठवते. जाळे ती कार्ड देणाऱ्या बँकेच्या एटीएम स्विचकडे, म्हणजे व्यवहाराला हो-नाही सांगणाऱ्या संगणकाकडे, नेते. स्विच पिन तपासून घेतो, कोअर बँकिंगला (सगळ्या खात्यांची मध्यवर्ती संगणकीय वही) शिल्लक विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. हे संदेश आयएसओ ८५८३ या ठरलेल्या साच्यात असतात: विनंतीचा प्रकार ०२००, उत्तराचा ०२१०, आणि उत्तरातल्या ३९ क्रमांकाच्या रकान्यात निकाल. तिथे ‘००’ असेल तर नोटा बाहेर येतात, ‘५१’ असेल तर शिल्लक अपुरी. दूरच्या मशीनला बाकी काहीही कळत नाही. स्विचने ‘००’ म्हटले की तिच्या दृष्टीने विषय संपला.

हल्लेखोरांनी नेमकी हीच जागा निवडली. तपासातून पुढे आलेले चित्र असे की फसव्या ईमेलमधून जाळ्यात शिरकाव झाला, मग आत मुक्काम ठोकून स्विचची रचना समजून घेतली गेली, आणि शेवटी खऱ्या स्विचच्या शेजारी एक खोटा स्विच उभा राहिला. ठरलेल्या कार्डांच्या विनंत्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचूच न देता हा खोटा स्विच परस्पर होकार देत होता. होकार देणाराच खोटा असेल तर पिन कोणता दाबला, खात्यात किती आहेत, दिवसाची मर्यादा किती, याला अर्थ उरत नाही.

कार्डेही बनावट होती. सुमारे साडेचारशे कोऱ्या प्लास्टिकच्या चुंबकीय पट्टीवर खऱ्या कार्डांची माहिती चढवलेली. भारतात पट्टीची कार्डे बदलून चिपची देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत दिली होती. हल्ला तिच्या साडेचार महिने अलीकडचा.

या रचनेचा एक परिणाम बातम्यांमध्ये फारसा नीट मांडला गेला नाही. व्यवहार कोअर बँकिंगला दिसलेच नाहीत, म्हणून एकाही ठेवीदाराच्या खात्यातून पैसे वजा झाले नाहीत. परदेशी बँकांनी मात्र रोख खरोखर दिलेली होती. कार्ड जाळ्याच्या नियमानुसार त्याची भरपाई कार्ड देणाऱ्या बँकेलाच करावी लागते. भुर्दंड बँकेवर पडला, खातेदारावर नाही. ‘तुमच्या ठेवी सुरक्षित आहेत’ असे बँकेने जाहीर केले ते अक्षरशः खरे होते.

पहिला निर्णय: अर्धा तास

शनिवारी दुपारी कार्ड जाळ्याच्या अमेरिकेतल्या कार्यालयाकडून बँकेला इशारा आला: तुमच्या कार्डांवर मोठ्या रकमा काढण्याच्या हजारो मागण्या येताना दिसताहेत. बँकेच्या माणसांनी आपली यंत्रणा उघडून पाहिली. तिथे काहीच वावगे नव्हते. सुमारे अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, सगळी कार्डे थांबवण्याची परवानगी जाळ्याला दिली गेली.

समोर तीन मार्ग होते. पहिला, ताबडतोब सगळी कार्डे बंद करणे. याचा अर्थ सुट्टीच्या, सणाच्या दुपारी हजारो खऱ्या ग्राहकांची कार्डे एटीएमवर आणि दुकानात नाकारली जाणार. दुसरा, फक्त परदेशातले व्यवहार बंद करून देशातले चालू ठेवणे. तिसरा, आधी स्वतःच्या नोंदी तपासणे. बँकेने तिसऱ्याने सुरुवात केली आणि मग पहिल्यावर आली.

त्या क्षणी तिसरा मार्ग शहाणपणाचा वाटतो. पण आपले खाते आणि समोरच्याचे खाते जुळत नसेल तर आपलेच बरोबर, असे धरण्याला इथे आधार नव्हता. बाहेरचा सांगतोय की पैसे जाताहेत आणि आतली वही कोरी आहे, ही विसंगतीच स्विच आणि कोअर बँकिंग यांच्यामध्ये कोणीतरी बसल्याची खूण होती. खोटा स्विच नेमके हेच करतो. तेव्हा ‘आमच्याकडे काही दिसत नाही’ हे उत्तर दिलासा देणारे नव्हते, उलट घाबरवणारे होते.

किंमत काढून पाहता येते. परदेशातले सुमारे १२,००० व्यवहार दोन तास तेरा मिनिटांत झाले. म्हणजे मिनिटाला सरासरी ९०. दर व्यवहारामागे सरासरी ६५,००० रुपये. मिनिटाला साधारण ५८ लाख, अर्ध्या तासाला साडेसतरा कोटी. वेग सगळा वेळ सारखा नसणार हे मान्य, पण आकड्याचा पल्ला लक्षात घ्या: सोमवारी स्विफ्टने गेले त्यापेक्षा ही रक्कम मोठी आहे.

दुसरा मार्गही अपुरा ठरला असता, कारण देशातही पैसे निघत होते. एकट्या कोल्हापुरातल्या एटीएममधून ९५ बनावट कार्डांवर सुमारे ८९ लाख रुपये काढले गेले. देशांतर्गत अडीच कोटींचा हा एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा. कार्डामागे सरासरी ९४ हजार पडतात. एका वेळी १० हजार धरले तर जवळपास नऊशे वेळा नोटा मोजल्या गेल्या, त्याही एका शहरात आणि एका दुपारी. एखाद्या सुरक्षारक्षकाला संशय यायला हरकत नव्हती, पण गटारीच्या दिवशी एटीएमपुढे रांग असणे यात कोल्हापुरात कोणाला काय वाटणार.

इथे सरकारी बाजूचीही एक गोष्ट नोंदवायला हवी. आदल्याच दिवशी, शुक्रवारी १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय इशारा पाठवला होता की येत्या काही दिवसांत जगभर एकाच वेळी एटीएममधून पैसे काढण्याचा बेत आहे आणि त्यामागे कार्ड देणाऱ्या एका अज्ञात संस्थेतली घुसखोरी असावी. ही बातमी रविवारी १२ तारखेला उघड झाली, तोवर पैसे काढून झाले होते. इशारा बरोबर होता, वेळही बरोबर होती. फक्त संस्थेचे नाव नव्हते. नाव नसलेल्या इशाऱ्यावर बँकेने काय करायचे, याची लिखित सवय तेव्हा आपल्याकडे नव्हती. करण्यासारखे बरेच असते: त्या शनिवार-रविवारपुरती परदेशी रोख काढण्याची एकूण मर्यादा उतरवणे, स्विचच्या होकारांची संख्या आणि कोअर बँकिंगमधल्या नोंदींची संख्या दर पंधरा मिनिटांनी ताडून पाहणे, आणि रात्रपाळीला एक असा अधिकारी बसवणे की ज्याला कोणालाही न विचारता व्यवहार थांबवता येतात.

दुसरा निर्णय: शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ

या प्रकरणातला सगळ्यात बोचणारा भाग हा आहे. शनिवारी कार्डांचे दार बंद झाले. रविवारी जाळ्याकडून संशयित व्यवहारांची पूर्ण यादी आली आणि आकडा समोर आला. तरी सोमवारी साडेअकराला स्विफ्टचे दार उघडे होते आणि त्यातून १३ कोटी ९२ लाख गेले.

हल्लेखोर एका बँकेत दोन वेगळ्या वाटांनी शिरले होते, असे समजण्यापेक्षा एकदा आत आल्यावर त्यांना दोन्ही खोल्या दिसत होत्या असे समजणे अधिक सरळ. स्विच ज्यांच्या ताब्यात गेला त्यांच्या हाती त्याच जाळ्यावरचे दुसरे संगणक नाहीत, असे धरायला कोणतेही कारण नव्हते. शिवाय स्विफ्टची वाट नवी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ९५ कोटी १० लाख डॉलर हलवण्याचा प्रयत्न याच मार्गाने झाला होता आणि ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये पोहोचलेही होते. तिथेही मुहूर्त सुट्टीचा निवडला होता: ढाक्यात शुक्रवार, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, मनिलात चिनी नववर्षाचा सोमवार.

रविवारच्या दिवसात काय करता आले असते? स्विफ्टचे संगणक जाळ्यापासून तोडणे, सगळ्या वापरकर्त्यांचे आणि सुरक्षा अधिकाऱ्यांचे पासवर्ड वेगळ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलणे, आणि ज्या परदेशी बँकेत आपले नॉस्ट्रो (परकीय चलनातले) खाते आहे तिला फोन करून सांगणे की पुढील सूचनेपर्यंत आमच्या नावाने आलेला कोणताही पैसे पाठवण्याचा संदेश आमच्या दोन नामनिर्देशित अधिकाऱ्यांशी बोलल्याशिवाय पाळू नका. शेवटचे काम तर फोन आणि एका सहीच्या पत्राचे आहे. त्याला कोणतेही सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रतिवाद असा येतो की स्विफ्ट बंद ठेवले तर निर्यातदारांचे पैसे अडकतात, बँकेची पत जाते. सोमवारी एक दिवस अडकले असते. इतकेच.

तिसरा निर्णय: यंत्रे बंद करावीत की चालू ठेवावीत

बँकेने सर्व्हर आणि नेट बँकिंग बंद केले. एटीएम सेवाही काही दिवस थांबली. रक्तस्राव थांबवायला हे आवश्यक होते. पण तपासाच्या दृष्टीने सरसकट वीज काढणे महागात पडते. हल्लेखोरांचा बराच ऐवज संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत असतो: चालू प्रक्रिया, उघड्या जोडण्या, उलगडलेल्या सांकेतिक चाव्या. यंत्र बंद झाले की तो गेला. म्हणून क्रम असा ठेवावा लागतो: आधी जाळ्याची तार काढायची, यंत्र चालूच ठेवायचे, मग स्मृतीची प्रत घ्यायची, मग डिस्कची तंतोतंत प्रत, दोन्हींचे हॅश मूल्य (प्रतीत एक अक्षर बदलले तरी बदलणारा ओळख-आकडा) काढून ते पंचनाम्यात लिहायचे, त्यानंतरच यंत्र बंद.

हे हॅश मूल्य आणि त्यासोबतचे प्रमाणपत्र म्हणजे कागदी सोपस्कार वाटतो, पण खटला त्यावर उभा राहतो किंवा कोसळतो. त्या वेळच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब नुसार मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे पुन्हा ठामपणे सांगितले, तेही जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादात. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही याचे सीसीटीव्ही चित्रण तिथे वादाचे मूळ होते. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅशसाठी जागा आहे.

चौथा निर्णय: गुन्हा कोणत्या कलमाखाली, तपास कोणाकडे

फिर्याद १४ ऑगस्टला, मंगळवारी, पुण्यातल्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात नोंदली गेली. पुढे शहराच्या सायबर शाखेने तपास हाती घेतला आणि विशेष तपास पथक नेमले गेले.

कलमांचा प्रश्न वाटतो तितका कोरडा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ओळख चोरण्यासाठी ६६क आणि संगणकावरून तोतयेगिरी करून फसवण्यासाठी ६६ड आहे, दोन्हींना कमाल शिक्षा तीन वर्षे. त्या वेळच्या भारतीय दंडसंहितेचे फसवणुकीचे कलम ४२० सात वर्षांपर्यंत जात होते. आणि मग आहे ६६फ, सायबर दहशतवाद: २००८ च्या दुरुस्तीने आलेले, ऑक्टोबर २००९ पासून लागू, शिक्षा जन्मठेपेपर्यंत.

मग इथे ६६फ का लावू नये, असा प्रश्न साहजिक येतो. त्या कलमाला हेतू लागतो: देशाची एकता, अखंडता, सुरक्षा किंवा सार्वभौमत्व धोक्यात आणणे, किंवा लोकांमध्ये दहशत पसरवणे. वर त्या कृत्यामुळे मृत्यू, इजा, मालमत्तेची हानी, अत्यावश्यक सेवांमध्ये अडथळा किंवा कलम ७० खालच्या महत्त्वाच्या माहिती पायाभूत यंत्रणेवर परिणाम व्हावा लागतो. कोल्हापुरात एटीएममधून नोटा उपसणाऱ्या माणसाच्या मनात सार्वभौमत्व होते, हे सिद्ध करायला गेलात तर खटला बुडाला म्हणून समजा. उलट ज्यांच्या मनात काही मोठे असू शकत होते ते आरोपीच्या पिंजऱ्यापासून हजारो मैल दूर होते. पैशासाठी केलेला आणि एखाद्या राजवटीच्या तिजोरीत जाणारा गुन्हा फसवणूक आणि सायबर दहशतवाद या दोन कलमांच्या मधल्या फटीत पडतो. आमच्या मते साधी, सिद्ध करता येणारी कलमे धरणे योग्यच. पण ६६फ चा विचार करून तो का सोडला हे तपासाच्या कागदांवर लिहून ठेवावे, म्हणजे पुढे परदेशातून पुरावा आला तर दार उघडे राहते.

आणखी एक व्यावहारिक मर्यादा: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ नुसार त्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. एका प्रकरणात हजारो व्यवहार आणि अनेक शहरे असतील तर सही करू शकणारे हातच कमी पडतात. विशेष पथक नेमण्यामागचे एक साधे कारण हेही असते.

कारवाई: माणसे आणि पैसा

माणसे शोधण्याचे काम जुन्या पद्धतीच्या पोलिसी कष्टाचे होते. कार्ड जाळ्याच्या यादीतून प्रत्येक व्यवहाराचा एटीएम क्रमांक आणि वेळ घ्यायची, त्या मशीनच्या बँकेला पत्र देऊन सीसीटीव्ही चित्रण आणि मशीनची अंतर्गत नोंद मागवायची, चेहरा मिळाला की त्या वेळी त्या परिसरातल्या टॉवरवर असलेले मोबाइल क्रमांक काढायचे आणि दोन-तीन ठिकाणी समान येणारा क्रमांक शोधायचा.

यात तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला वेळेचा: जाळ्याच्या याद्या बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपली वेळ साडेपाच तास पुढे. दुसरा त्याहून छळणारा: एटीएम केंद्रातल्या रेकॉर्डरचे घड्याळ चुकीचे असते, कधी सात मिनिटे, कधी थेट एक तास. चित्रण ताब्यात घेताना रेकॉर्डरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही पंचनाम्यात लिहिली नाहीत तर बचाव पक्षाचा वकील एवढ्या एका मुद्द्यावर चेहरा आणि व्यवहार वेगळे करून दाखवतो. तिसरा, जुने चित्रण आपोआप पुसले जाते. म्हणून चित्रण नंतर आणले तरी चालेल, पण ‘पुसू नका’ असे पत्र पहिल्या २४ तासांत सगळीकडे जायला हवे.

या वाटेने यंत्रणेला यश आले. एकूण १८ जणांना अटक झाली. त्यांत वेटर, ड्रायव्हर, चपला शिवणारा असे साधे कामधंदे करणारे होते, औषधनिर्माणशास्त्राची पदवी असलेलाही एक होता. काहींना चित्रपटात छोटी भूमिका आहे, एटीएममध्ये जाऊन पैसे काढायचे आहेत, असे सांगून गोळा केल्याचेही पुढे आले. प्रत्यक्ष पैसे काढताना हा प्रकार काय आहे हे त्यांना कळले होते, असे पोलिसांचे मत.

पैशाची गोष्ट वेगळी. परदेशातल्या मशीनमधून निघालेली रोख त्या दुपारीच विरघळली. ती परत आली नाही, येणारही नव्हती. हाँगकाँगला गेलेले मात्र खात्यात होते आणि खाते गोठवता येते. इथे घड्याळ महत्त्वाचे: आपले साडेअकरा म्हणजे हाँगकाँगचे दुपारचे दोन. बँकेचा दिवस संपायला तिथे जेमतेम तीन तास. पैसे परत मागण्याचे दोन मार्ग असतात. एक सरकारी: परस्पर कायदेशीर साह्याची विनंती, न्यायालयाचे विनंतीपत्र, गृह मंत्रालय, दूतावास. तो महिन्यांनी मोजायचा. दुसरा बँकेचा स्वतःचा: मूळ संदेश रद्द करण्याची एमटी १९२ ही विनंती पाठवायची, सोबत त्या बँकेच्या फसवणूक विभागाला थेट फोन, आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रार. दुसऱ्याने रक्कम अडवायची आणि पहिल्याने ती सोडवायची, असा क्रम हवा. या प्रकरणात १३ कोटी ९२ लाखांपैकी ५ कोटी ७२ लाख परत आले. साधारण ४१ टक्के. एटीएमच्या ७८ कोटींशी ताडून पाहिले की खाते गोठवण्याची किंमत कळते.

निष्पत्ती

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले; नऊ जणांना चार वर्षे आणि दोघांना तीन वर्षे कैद. घटनेपासून निकालापर्यंत चार वर्षे आठ महिने.

सूत्रधारांकडे बोट दाखवण्याचे काम भारताबाहेर झाले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी अमेरिकेच्या सुरक्षा, अर्थ आणि तपास यंत्रणांनी संयुक्त सूचना काढून बँकांच्या स्विचवर बसून खोटे होकार देण्याची ही पद्धत उत्तर कोरियाशी जोडली. तिच्यात एक तपशील आपल्याकडच्या अनेकांनी वाचायला हवा होता: त्यांनी तपासलेले सगळे बाधित स्विच सर्व्हर उत्पादकाने आधार काढून घेतलेल्या एआयएक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांवर चालत होते. मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात पुण्याचे हे प्रकरण उत्तर कोरियाच्या निर्बंधभंगाच्या संदर्भात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेने तिघा उत्तर कोरियाई हॅकरांवरचे आरोप जाहीर केले. त्याच सुमारास उत्तर अमेरिकेत पैसे काढणाऱ्यांच्या टोळ्या चालवणाऱ्या एका माणसाने गुन्हा कबूल केला. त्याच्या कामगिरीत २०१८ मधली भारतीय बँकही होती. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला १४० महिन्यांची कैद झाली. म्हणजे दलालाला पावणेबारा वर्षे, इथल्या प्याद्यांना तीन-चार, आणि ते तिघे हॅकर अजून मोकळे.

रिझर्व्ह बँकेची हालचाल नियमांमध्ये दिसते. व्यापारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट २ जून २०१६ लाच आली होती. नागरी सहकारी बँकांसाठीची मूलभूत चौकट आली १९ ऑक्टोबर २०१८ ला, या हल्ल्यानंतर ६९ दिवसांनी. मधली दोन वर्षे चार महिने ही नियामकाची पोकळी होती आणि ती त्याच्या नावावर मांडली पाहिजे. ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने सहकारी बँकांचे चार स्तर केले. सगळ्यात वरच्या चौथ्या स्तराचा एक निकष पाहा: स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्टची जोडणी दोन्ही असलेली बँक. परिपत्रक लिहिणाऱ्याच्या टेबलावर कोणती फाइल होती हे वेगळे सांगायला नको. या स्तराला स्वतंत्र सायबर सुरक्षा नियंत्रण कक्ष बंधनकारक झाला. त्याच दिवशी दुसऱ्या परिपत्रकाने एटीएम स्विचची सेवा पुरवणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांनाही नियमांत ओढले गेले.

पुढे २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत घटना कळवणे, १८० दिवसांच्या नोंदी भारतात जपणे आणि सगळ्या यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवणे सक्तीचे केले. घड्याळांची अट अनेकांना किरकोळ वाटली. सीसीटीव्ही आणि एटीएमच्या वेळा जुळवत रात्री काढलेल्या कोणत्याही तपास अधिकाऱ्याला विचारा.

काय वेगळे करता येईल

सर्वात आधी, थांबवण्याचा अधिकार आगाऊ द्यायचा. संचालक मंडळाचा एका परिच्छेदाचा ठराव पुरतो: कार्ड जाळ्याकडून किंवा राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडून मोठ्या प्रमाणावरील संशयित व्यवहारांचा इशारा आला आणि कोअर बँकिंगमध्ये त्या व्यवहारांची नोंद दिसत नसेल, तर कर्तव्यावरील अधिकाऱ्याने कोणाचीही परवानगी न घेता पाच मिनिटांत सर्व कार्डे थांबवावीत, निर्णय चुकीचा निघाल्यास त्याच्यावर कारवाई होणार नाही. शेवटचे वाक्य सगळ्यात महत्त्वाचे. ते नसेल तर अधिकारी आधी व्यवस्थापकाला फोन लावतो, व्यवस्थापक महाव्यवस्थापकाला, आणि तोवर अर्धा तास गेलेला असतो.

दुसरे, एका वाटेवर हल्ला झाला की बाकीच्या वाटाही बाधित धरायच्या. स्विफ्ट, आरटीजीएस, एनईएफटी, आयएमपीएस, मोबाइल बँकिंग या प्रत्येकापुढे ‘तपासले, स्वच्छ’ अशी सही होईपर्यंत ती बंद. सही करणारा माणूस ती यंत्रणा रोज चालवणारा नसावा.

स्विचच्या होकारांची आणि कोअर बँकिंगच्या नोंदींची जुळणी तिसऱ्या, वेगळ्या यंत्रावर व्हावी आणि तिच्यासाठीचा आकडा स्विचकडून न घेता थेट कार्ड जाळ्याकडून यावा. खोट्या स्विचलाच ‘तू किती होकार दिलेस’ असे विचारण्यात काही हशील नाही.

पोलिसांच्या बाजूने, प्रत्येक आयुक्तालयात अशा गुन्ह्यासाठी पत्रांचे तयार नमुने असावेत: चित्रण राखून ठेवण्याचे, टॉवरची माहिती मागण्याचे, परदेशी बँकेच्या फसवणूक विभागासाठी इंग्रजीतले. २०२१ पासून नागरिकांच्या फसवणुकीसाठी हेल्पलाइन (आता तिचा क्रमांक १९३०) आणि बँकांना जोडणारी खाती गोठवण्याची व्यवस्था उभी राहिली, तिचा फायदा आता लाखो लोकांना मिळतो. पण ती देशातल्या खात्यांसाठी आहे. हाँगकाँगच्या दुपारच्या दोन ते पाचसाठी बँकेजवळ एक कागद लागतो: ज्या ज्या परदेशी बँकेशी आपला व्यवहार आहे तिथल्या फसवणूक विभागाचा चोवीस तास उचलला जाणारा फोन क्रमांक, सुट्टीच्या दिवशी चालतो का हे तपासल्याची तारीख, आणि तपासणाऱ्याची सही. दर तीन महिन्यांनी, शक्यतो दुसऱ्या शनिवारी, तो क्रमांक फिरवून पाहायचा.